मे महिन्यातली खोली



"पोरगं ऐकत नसेल तर दोन महिने कोकणात धाडून द्या, समुद्राची हवा लागली की सरळ होतं." हा सल्ला गेल्या दोन-तीन वर्षांत मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकला. खरं सांगायचं तर चार-पाच जणांना मी स्वतःच दिला. आता लग्नकार्यात कुणी ना कुणी भेटतं आणि आमच्या नातवाचं उदाहरण मलाच ऐकवतं. "तुमचा नातू बघा, मालवणला राहिला आणि सुधारला." म्हणून जे झालं ते एकदा लिहून टाकतो. तो सुधारला वगैरे काही नाही. जे झालं ते वेगळंच होतं, आणि त्यात एक थकबाकी माझ्या नावावर निघते.

आमचं गाव बेला, जिल्हा आदिलाबाद. पैनगंगेच्या अलीकडे तेलंगणा, पलीकडे महाराष्ट्र. हैदराबाद राज्याची १९५६ साली वाटणी झाली तेव्हा आमच्याच जिल्ह्यातली किनवट, राजुरा मराठी मुलखात गेली, आम्ही इकडे राहिलो. त्यामुळे घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात दखनी हिंदी, असा कारभार जन्मापासून चालू आहे. काळी जमीन, कापूस, तूर, अलीकडे सोयाबीन. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जाणारं ऊन. समुद्र म्हणजे आमच्या लेखी भूगोलाच्या पुस्तकातला निळा रंग. मासळी म्हणजे पैनगंगेतली मरळ, तीही वर्षातून दोनदा.

मी समुद्र पाहिला तो तिशी ओलांडल्यावर. नांदेडला बी.कॉम. केलं, बँकेत चिकटलो, आणि १९८४ साली ऑफिसर म्हणून बढती मिळाली ती थेट मालवणला. सिंधुदुर्ग जिल्हा होऊन तेव्हा तीन वर्षंच झाली होती. बिऱ्हाड बेल्यातच ठेवलं, कारण मुलं शाळेत होती, आणि मी दांडीच्या बाजूला एका गाबीत कुटुंबाच्या घरी एक खोली घेतली. घरधनी माझ्याच वयाचा. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो, त्याच्या आईला सगळ्यांसारखं आये. मी "मले" म्हणालो की आये हसायची, ती "माका" म्हणाली की मी. तीन वर्षं मी त्या घरचं जेवलो. तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी मला आजही कुणी दिली तर मी आमचं वरण-फळं बाजूला ठेवीन (हे आमच्या सौ.ला सांगू नका).

त्या घराशी माझा एक व्यवहारही होता, आणि तो इथे सांगणं भाग आहे. घरधन्याने होडीला इंजिन बसवण्यासाठी आमच्याच शाखेतून कर्ज घेतलं होतं, माझ्या आधीच्या साहेबांच्या काळात. हप्ता दरमहा. आता दर्यावरचा माणूस दरमहा कमावतो का? पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून, शाकारून ठेवायच्या. घरात सुकी मासळी आणि उधारी. पण आमच्या लेजरला पावसाळा कळत नव्हता. जून, जुलै, ऑगस्टचे हप्ते थकायचे, त्यावर दंडव्याज चढायचं, आणि सप्टेंबरात माणूस कमवायला लागला की पहिली कमाई त्या दंडातच जायची. एनपीए हा शब्द तेव्हा आला नव्हता, आम्ही 'थकीत' म्हणायचो. माणूस प्रामाणिक, होडी चालती, मासळी मिळते आहे, आणि खातं दरवर्षी थकीत. मी विभागीय कार्यालयाला लिहिलं की हप्ते वर्षाला नऊच ठेवा, सप्टेंबर ते मे, आणि रक्कम त्या प्रमाणात वाढवा. प्रस्ताव दोनदा परत आला, तिसऱ्यांदा मंजूर झाला. खातं मुदतीत बंद झालं. एवढंच. त्यासाठी मला पगार मिळत होता. पण त्या घरात "साहेबांमुळे होडी ऱ्हवली" असं जे बोललं गेलं, ते आये गेली, घरधनी गेला, तरी अजून बोललं जातं.

आता नातू. तो हैदराबादचा. मुलगा आणि सून दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. तेलंगणात दहावीनंतर काय असतं ते इकडच्या मंडळींना सांगायला नको, महाराष्ट्रातल्यांसाठी सांगतो. दहावी संपायच्या आतच निवासी ज्युनियर कॉलेजचे लोक घरी येऊन जागा पक्की करून जातात. पहाटे पाचला उठवतात, रात्री दहापर्यंत अभ्यासाचे तास, रविवारी परीक्षा, आणि परीक्षेतल्या क्रमांकावरून तुकडी बदलते. गणित-भौतिक-रसायन घेतलं म्हणजे एमपीसी, आणि एमपीसी घेतलं म्हणजे आयआयटी, असं आईबाप धरूनच चालतात. २०१९च्या एप्रिलमध्ये इंटरच्या निकालात गोंधळ झाला आणि नंतरच्या थोड्या दिवसांत वीसच्या वर मुलामुलींनी जीव दिला, हे आपण सगळ्यांनी पेपरात वाचलं आहे.

२०२३च्या मार्चमध्ये आमच्या नातवाने दोन पेपर कोरे दिले. तिसऱ्याला गेलाच नाही. हॉस्टेलच्या मागच्या बाजूने बाहेर पडला, संध्याकाळी घरी पोचला. बाप बोलायला गेला तर स्वतःचा फोन भिंतीवर आपटला. त्याआधी सहा महिने केस, कपडे, उलट उत्तरं, रात्री उशिरा येणं हे सगळं चालूच होतं, पण ते वयाचं म्हणून सोडून देत होतो. आता घर घाबरलं. त्याला बेल्याला आणलं.

बेल्यात पंधरा दिवस होता. अकराला उठायचा. आमच्या सौ. त्याला संत्रं सोलून द्यायच्या. मी "चल, पैनगंगेवर जाऊन येऊ" म्हटलं की यायचा, एप्रिलातली ती वाळू आणि मधली पाण्याची धार बघायचा आणि म्हणायचा, "ही नदी आहे?" बोलणं एवढंच. पण मला आठवतं ते हे नाही. सौ. रात्री दोन-तीनदा उठून तो झोपलाय ना बघून यायच्या. विहिरीजवळच्या दाराला त्यांनी कुलूप लावलं होतं आणि किल्ली उशाखाली ठेवत होत्या. याबद्दल आम्ही नवरा-बायको एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही.

एके दिवशी तो म्हणाला, "मला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी सोडा." मला मालवण आठवलं. फोन लावला. वहिनी आता सत्तरीच्या. मुलगा होडी बघतो, सूनबाई घराला लागून काढलेल्या तीन खोल्या पर्यटकांना देते. मी अडखळत विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "धाडून द्या ओ साहेब, इचारतास कित्याक?"

आदिलाबादहून नंदिग्राम, ठाण्याला कोकणकन्या, कुडाळला उतरून एसटी. सगळा वेळ याच्या कानात बोंडं. १७ एप्रिलला पोचलो. मी दोन दिवस राहिलो, जुन्या आठवणी काढल्या, भरपूर जेवलो आणि पार्सल पोचतं करून आल्यासारखा परत आलो. घरी सांगितलं, "रमेल तो."

तो रमला नव्हता. हे मला फार उशिरा कळलं. त्याला मासळीचा वास सहन होत नव्हता, म्हणून सूनबाई त्याच्यासाठी वेगळी भाजी करत होती. भाजी आवडली नाही म्हणून अंडं. अंड्याचा कंटाळा आला म्हणून नूडल्स. बारापर्यंत झोपायचा, दार लावून. तिच्या लहान मुलीवर एकदा खेकसला. आम्ही फोन केला की वहिनी म्हणायच्या, "बरो आसा, काळजी करू नकात." आणि आम्ही ते खरं मानत होतो, कारण ते मानणं सोयीचं होतं.

मग ५ मेच्या रात्री एक कुटुंब आलं, कोल्हापूरकडचं. नऊ वाजून गेलेले, दोन लहान मुलं पेंगुळलेली. सूनबाईने सांगितलं, खोली नाही. तो माणूस म्हणाला, दुप्पट देतो, पण मुलं झोपू देत. ती म्हणाली, "दुप्पट नको हो, पण खरंच नाही." आमचे चिरंजीव ओट्यावर बसून हे ऐकत होते. तीन खोल्यांपैकी एका खोलीत कोण आहे हे त्याला त्या रात्री कळलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आल्यापासून स्वतःहून केलेला पहिला.

"आजोबा, तुम्ही या लोकांना किती देताय?"

मी म्हटलं, "अरे, ते आपले घरचे आहेत. पैसे घेणार नाहीत."

"घेणार नाहीत, की तुम्ही विचारलंच नाही?"

मंडळी, छत्तीस वर्षं बँकेत काढली. तपासणीला आलेल्या साहेबांनी एवढा नेमका प्रश्न मला कधी विचारला नव्हता.

त्याने हिशेब करून ठेवला होता. एप्रिलमध्ये खोलीला रात्रीचे १,२०० रुपये, मेमध्ये १,८००. चौदा रात्री आणि पाच रात्री. २५,८०० रुपये. जेवण वेगळं. आणि सूनबाईचं स्वयंपाकघरातलं काम त्याने धरलं नव्हतं, ते मी नंतर धरलं. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. बंदीच्या त्या दोन महिन्यांत घरात जे यायचं ते एप्रिल-मेमध्येच कमावून ठेवायचं असतं. आणि बरोब्बर त्याच दिवसांत, एका तृतीयांश धंद्यावर, मी माझा नातू नेऊन बसवला होता. ज्या माणसाने १९८६ साली विभागीय कार्यालयाला तीन-तीन पत्रं लिहून सांगितलं की या लोकांचं उत्पन्न हंगामी असतं, त्याच माणसाने.

आणि ते नाही म्हणू शकत नव्हते, कारण "साहेबांमुळे होडी ऱ्हवली." म्हणजे बँकेने पगार देऊन माझ्याकडून करवून घेतलेल्या कामाची वसुली मी सदतीस वर्षांनी नातवाच्या नावाने केली. कुणी लाच दिली असती तर मी घेतली नसती. ही मात्र घेतली आणि वर त्याला ऋणानुबंध म्हणालो.

त्या दिवशी दुपारी तो आपलं सामान घेऊन पडवीत झोपायला गेला. सूनबाई नको म्हणत होती, वहिनी रागावल्या, त्याने ऐकलं नाही. ऐकत नाही हा त्याचा दुर्गुण आम्ही सगळ्या नातेवाईकांना सांगत होतो, तोच इथे उपयोगी पडला. खोली संध्याकाळी भरली.

मग तो कामाला लागला. फार मोठं काही नाही. चादरी बदलणं, टाकीचं पाणी बघणं, सकाळी किनाऱ्यावर माणसं सोडायला जाणं. आणि एक गंमत. आजकाल हैदराबादेकडचे लोक मालवणला स्कूबा करायला खूप येतात. त्यांच्याशी हा तेलुगूत बोलायला लागला. फोनवर खोली ठरवणं, जेवणात तिखट किती हवं ते सांगणं, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायची बोट कुठून सुटते ते दाखवणं. सोळा वर्षं हैदराबादेत राहून त्याच्या तेलुगूचं कुणी कौतुक केलं नव्हतं, घरात तर "मराठी बोल" म्हणून ओरडाच पडायचा. इथे ते घराच्या मिळकतीत जमा झालं.

एका पहाटे शेजारच्या पोरांबरोबर तो रापणीवर गेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून अर्धगोल फेकून जाळं पाण्यात सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि मग दोन्ही बाजूंनी माणसं लागून ते ओढतात. तासन् तास चालतं. पर्ससीनच्या जाळ्यांनी किनाऱ्याजवळची मासळी कमी केली म्हणून रापणकर वर्षानुवर्षं भांडत आले. राज्य सरकारने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध आणले, पण भांडण काही संपलेलं नाही. असो, तो वेगळा विषय. सांगायचं ते हे, की रापणीत मासळीचे वाटे पडतात, आणि दोराला हात लावणाऱ्याला कुणी रिकाम्या हाताने पाठवत नाही. याच्या तळहाताची साल गेली आणि हातात पाच-सहा बांगडे पडले. ते त्याने घरी आणून सूनबाईपुढे ठेवले. त्या रात्री तो पहिल्यांदा मासळी जेवला. वास गेला होता असं नाही, पण मासळी त्याची होती.

यावर मी बराच विचार केला आहे. आमचा मुलगा, म्हणजे त्याचा बाप, वाईट नाही. पण रागाच्या भरात तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायचा, "तुझ्यावर वर्षाला दोन-अडीच लाख भरतोय मी." म्हणजे आपण पोराला खर्च कळू देत नाही असं नव्हे. खर्च तर आपण त्याच्या कपाळावरच लिहितो. पण फेडायची सोय? आयआयटीचा रँक. म्हणजे एकरकमी फेड, तीही दोन वर्षांनी, तीही हाती येईलच याची खात्री नसलेली. मधल्या काळात हप्ता घ्यायला आपण तयारच नाही. तो भांडी घासायला गेला तर "तू अभ्यास कर." दळण आणायला गेला तर "वेळ घालवू नको." सौ. संत्रंसुद्धा त्याला सोलू देत नव्हत्या. बँकेत असं कर्ज कुणी दिलं असतं तर मी त्याची चौकशी लावली असती. ऋणको बुडवा नसतो, रचनाच त्याला बुडवा करते. हे मला होडीच्या कर्जात दिसलं होतं, माझ्या घरात दिसलं नाही.

मालवणात त्याला जे देणं कळलं ते लहान होतं. एक खोली, एक भाजी. आणि ते फेडता येण्यासारखं होतं. आज चादरी बदलल्या, आजचं फिटलं. यात समुद्राचा वाटा फार थोडा आहे. हे पंढरपूरच्या एखाद्या लॉजवर झालं असतं, बेल्याच्या किराणा दुकानातही झालं असतं, फक्त आमच्या घरात झालं नसतं, कारण आमच्या घरात तो नातू होता.

पोरं दुसऱ्याच्या घरी ठेवणं ही काही नवी गोष्ट नाही. साने गुरुजी कोकणातल्याच पालगडचे. त्यांना शिकायला पुण्याला मामांकडे ठेवलं, ते तिथे रमले नाहीत, परत आले, मग दापोलीला आत्याकडे राहून शिकले. 'श्यामची आई'चा एवढा मोठा लेखक, पण पहिल्या घरात टिकला नाही! माझं तसंच. सातवीनंतर मला आदिलाबादला लांबच्या मावशीकडे ठेवलं होतं. पाणी भरायचो, जनावरांना चारा घालायचो, आणि एकदा रागावून बेल्याच्या वाटेला चालतही लागलो होतो. काका सायकलवर मागून येऊन घेऊन गेले. वार लावून जेवणारी मुलं तर आठ दिवसांत सात घरांचा स्वभाव शिकायची. मला ते दिवस परत नकोत. त्यात लाचारी फार होती, काही घरांत अपमानही होता. पण त्या काळी पोराला घरी ठेवून घेणाऱ्याला आणि ठेवणाऱ्याला दोघांनाही माहीत असायचं की हे ओझं आहे. आपण आता त्याला 'अनुभव' म्हणतो आणि ओझं दिसेनासं करतो.

आणि ते उचलतं कोण? सल्ला देणारे आम्ही पुरुष. "तुमच्याकडे चार दिवस राहू दे" म्हणणारे आम्ही, "राहू दे की" म्हणणारे तिकडचे पुरुष. वेगळी भाजी करते ती सूनबाई, जिला कुणी विचारलेलंच नसतं. ती मला आजपर्यंत एका शब्दाने बोलली नाही. नातवानेच सांगितलं, की तो गेल्यावर पहिल्या आठवड्यात ती एकदा मागच्या दारी भांडी घासताना रडत होती. त्याच्यामुळे की दुसऱ्या कशामुळे, ते त्याने विचारलं नाही. मीही विचारू शकत नाही.

तो एकदम शहाणा झाला असं कुणी समजू नये. मेच्या शेवटी दुसऱ्या एका पोराबरोबर न विचारता लहान होडी घेऊन गेला आणि एक वल्हं घालवून आला. ओढ होती, काहीही होऊ शकलं असतं. काकाने मारलं नाही, ओरडलाही नाही. दोन दिवस बोलला नाही, आणि पर्यटकांनी दिलेल्या बक्षिसीतून वल्ह्याचे पैसे मात्र वसूल केले. ही गोष्ट आम्हाला चार महिन्यांनी कळली. तेव्हाच कळली असती तर आमच्या मुलाने त्याच रात्री गाडी काढली असती. होडी ओढून वर घ्यायला, वर ताडपत्री बांधायला तो होता. २ जूनला निघाला. आठवड्याच्या आत अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ आलं, तेव्हा बेल्याच्या ओसरीत बसून हा रात्री साडेअकराला तिकडे फोन करत होता, होडी अजून वर घेतली का म्हणून. सौ. त्या रात्रीही उठल्या होत्या. तो बोलत होता म्हणून परत येऊन झोपल्या.

विहिरीच्या दाराचं कुलूप कधी निघालं, मला आठवत नाही.

त्याने एमपीसी सोडलं. बाप तीन महिने धड बोलला नाही, अजूनही दोघांत फार संवाद नाही. आमच्याकडे राहून त्याने आदिलाबादला बसने ये-जा करत सीईसी, म्हणजे नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र, वाणिज्य या विषयांत इंटर केलं. मला बरं वाटलं, मी कॉमर्सचा माणूस. केस अजून तसेच आहेत. उलट उत्तरं कमी झालेली नाहीत, फक्त आता त्यातली काही बरोबर असतात.

राहिला हिशेब. परत आल्यावर मी मालवणला तीस हजारांचा चेक पाठवला होता. तो तसाच परत आला आणि मागोमाग वहिनींचा फोन. "साहेबांनू, आमका लॉजवाले केलात काय?" मला उत्तर सुचेना. पैसे दिले नाहीत तरी अपमान, दिले तरी अपमान, अशी जागा मी स्वतःच तयार केली होती. आधीच, एप्रिलमध्येच, सूनबाईशी बोलून, खोलीचं ठरवून पाठवला असता तर हा प्रश्न आला नसता. कदाचित ती म्हणाली असती, "आता नको काका, पावसाळ्यात पाठवा," आणि ते तिला म्हणता आलं असतं. ज्यांना आपलं पोर कुणाकडे ठेवायचं आहे त्यांनी निदान एवढं करावं. ज्या घराला 'नाही' म्हणता येत नाही त्या घरी पाठवू नये.

६ मेनंतरचं त्याने कामाने फेडलं असं तो मानतो, आणि मीही मानतो. त्याआधीच्या एकोणीस रात्री माझ्या नावावर आहेत.

यंदा नारळी पौर्णिमेला नेहमीप्रमाणे वहिनींचा फोन आला. समुद्राला नारळ देऊन आल्या होत्या, आवाज थकलेला. म्हणाल्या, "नातू कधी येतलो?" मी फोन त्याच्या हातात दिला. तो मालवणी बोलतो आता, आमच्या बेल्याच्या मराठीत मिसळून, ऐकायला फार मजेशीर वाटतं. तो म्हणाला, "मे महिन्यात नको आजी. गणपतीतही नको, तेव्हा घर भरलेलं असतं. गणपती झाले की येतो, दिवाळीच्या आधी, खोल्या रिकाम्या असतात तेव्हा." मग थोडं थांबून म्हणाला, "काकीला फोन द्या. तिला विचारतो."